जपानी एन३ : वाचलं की कळतं, ऐकलं की डोक्यावरून जातं. कान कसा तयार करायचा?

नगरी_टेस्टर

नमस्कार मंडळी,

जुलैच्या जेएलपीटीचा (जपानी भाषेची परीक्षा, एन५ सर्वात सोपी, एन१ सर्वात अवघड) रिझल्ट लागला. एन३ दिली होती. शब्द-व्याकरण ४६, वाचन ४१, लिसनिंग १७. एकूण झाले १०४ आणि पासिंग आहे १८० पैकी ९५ ला. म्हणजे बेरजेत मी पास, पण तिन्ही भागांत ६० पैकी किमान १९ पाहिजेत अशी अट असते, त्यामुळे नापास. घरी आईला हे समजावता समजावता नाकी नऊ आले, ती अजून म्हणतेय नऊ मार्क वर पडलेत तर नापास करतातच कसे, पेपर परत तपासायला टाक.

मी मूळ नगरचा, हिंजवडीत टेस्टिंगला आहे, क्लायंट ओसाकाचा. कंपनीत ब्रिज एसईच्या (क्लायंट आणि इथली टीम यांच्यातला दुवा) जागा निघतात त्याला एन२ मागतात, पगारात बऱ्यापैकी फरक पडतो आणि तिकडे जायलाही मिळतं, म्हणून हा सगळा खटाटोप. क्लास शनिवार-रविवार. शिकवतात चांगलं पण सगळं इंग्रजीतून, म्हणजे आधी इंग्रजी वाक्य फळ्यावर, मग त्याचे तुकडे करून शेपूट पुढे नि डोकं मागे असं करत जपानी वाक्य तयार करायचं. लिहायला-वाचायला ते जमतं हो, वेळ असतो. पण ऑडिओ सुरू झाला की माझं पहिलं वाक्य इंग्रजीत उलटवून होईपर्यंत ते लोक तिसऱ्या वाक्यावर गेलेले असतात.

आंकी (शब्द पाठ करायचं कार्डांचं अॅप) रोज करतो, शब्द पाठ आहेत. अॅनिमे बघतो (खाली इंग्रजी सबटायटल लावून). कंपनीच्या बसमध्ये जाता-येता जपानी बातम्या कानात चालू असतात, पण खरं सांगायचं तर त्यातलं दुसऱ्या मिनिटाला काही शिरत नाही, गाणं वाजावं तसं वाजत राहतं. आणि कांजी (चीनमधून आलेली चित्राक्षरं)! आज पाठ केली की पुढच्या आठवड्यात ओळख दाखवत नाही.

डिसेंबरचा फॉर्म भरायचाय. एक डोक्यात आलंय, हसू नका, एन२ चं पासिंग ९० आहे म्हणजे एन३ पेक्षा कमी. मग थेट एन२ च का देऊ नये?

---

दुभाषी_चाकण

गड्या, आधी एक कर. मराठी शिकायला आलेला एखादा जपानी माणूस डोळ्यासमोर आण. पुस्तकात त्याने शिकलंय "मी येत आहे". आता तो स्वारगेटला उभा आहे आणि फोनवर त्याला ऐकू येतं "येतोय येतोय, आलोच!" पुस्तकातला 'येत आहे' कुठे गेला आणि अजून न पोचलेला माणूस 'आलो' कसा म्हणतोय, बिचाऱ्याने डोकं धरायचं. तुझं लिसनिंगमध्ये नेमकं हेच होतंय. शब्द तुला येतात, पण ते ज्या रूपात तोंडातून बाहेर पडतात ते रूप तू पाहिलेलंच नाही.

पुस्तकात 'आकेते ओइते', म्हणजे उघडून ठेव. बोलताना 'आकेतोइते'. पुस्तकात 'इत्ते शिमात्ता', बोलताना 'इच्चात्ता', निघून गेला. 'शिनाकेरेबा नारानाई' असली लांबलचक आगगाडी फक्त वहीत धावते, माणसं 'शिनाक्या' म्हणून मोकळी होतात. एन३ च्या लिसनिंगमध्ये शेवटचा जो भाग असतो ना, एक वाक्य बोलतात नि लगेच तीन उत्तरं वाचतात, कागदावर काहीच छापलेलं नसतं, तो सगळा असल्या रूपांवरच उभा असतो. तिथे विचार करायला वेळच नाही, ओळखीचं वाटलं तर वाटलं.

दुसरं, ते इंग्रजी मधून काढून टाक राव. मराठी नि जपानी दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, दोन्हीत प्रत्यय शब्दाच्या मागे, मग मधे इंग्रजीचा वळसा कशाला घालायचा? 'शिते मिरु' म्हणजे करून बघ. 'शिते ओकु' करून ठेव. 'शिते शिमाउ' करून टाक. 'इत्ते कुरु' जाऊन ये. हे आपल्याकडे जसंच्या तसं आहे, बघ, ठेव, टाक सगळं. आम्ही शिकलो तेव्हा आमच्या सरांनी पण इंग्रजीतूनच शिकवलं, "ट्राय डुइंग", "डू इन अॅडव्हान्स", आणि आम्ही मान डोलवत वहीत उतरवून घेत होतो. 'काल घेतलेलं पुस्तक' हेही तसंच, 'किनोओ कात्ता होन'. आधी घेतलेलं, मग पुस्तक. इंग्रजीत याला मधे 'दॅट', 'विच' लावून शेपूट जोडावं लागतं, आपल्याला काही करावं लागत नाही, ऐकलं त्या क्रमाने समजत जायचं. आणि लिसनिंगमध्ये तोच तर फायदा पाहिजे, की वाक्य उलटवायची गरजच पडू नये.

पद्धत म्हणशील तर बसमधल्या बातम्या बंद. अर्ध्या मिनिटाची एक क्लिप घे, स्क्रिप्ट असलेली, जुन्या सराव पेपरातली चालेल. आधी नुसती ऐक. मग थांबवत थांबवत जे ऐकू आलं ते हिरागानात (जपानी उच्चारांच्या लिपीत) लिहून काढ, न कळलेल्या जागी रेघ मार. मग स्क्रिप्टशी ताडून बघ. माझं म्हणणं आहे की तुझ्या निम्म्याहून जास्त रेघांखाली तुला आधीच पाठ असलेलेच शब्द निघतील. मग त्याच क्लिपवर शॅडोइंग, म्हणजे आवाजाच्या मागोमाग, अर्ध्या शब्दाच्या अंतराने आपणही बोलत जायचं, तोंड वळेपर्यंत. दहा क्लिपा वरवर ऐकण्यापेक्षा एकीचा असा चोथा केलेला बरा.

मी प्रेस शॉपमध्ये उभा राहून दुभाष्याचं काम करतो. शेजारी मशीन धडधडत असतं, साहेब अर्धं वाक्य गिळतात आणि त्यातून 'फुर्योओ' (खराब माल) आणि 'कानागाता' (डाय) एवढे दोन शब्द कानावर येतात, बाकी सगळं अंदाजाने भरायचं असतं. तिथे व्याकरण आठवत बसलो तर लाइन थांबेल.

---

कोथरूडची_सेन्सेई

दुभाषींनी छान लिहिलंय. मी बरीच वर्षं शिकवतेय, त्यावरून दोन-तीन गोष्टी.

नगरी, तुम्ही जपानी शब्द वहीत देवनागरीत लिहिता का हो? बहुतेक मराठी मुलं लिहितात, आणि तिथेच कानाचं नुकसान होतं. जपानीत स्वर किती वेळ ताणला यावर अर्थ बदलतो. 'ओबासान' म्हणजे काकू-मावशी, 'ओबाआसान' म्हणजे आजी. 'युकी' बर्फ, 'युउकी' हिंमत. 'बिरु' इमारत आणि 'बीरु' बिअर, हा विनोद प्रत्येक बॅचला एकदा होतोच. आता आपण मराठी माणसं ऱ्हस्व-दीर्घ फक्त शुद्धलेखनाचे मार्क जाऊ नयेत म्हणून पाळतो, बोलताना कोण पाळतं? आपलं ऱ्हस्व-दीर्घ वहीत असतं, कानात नसतं. आणि ए, ओ यांना तर आपल्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ अशी जोडीच नाही. त्यामुळे 'कोको' म्हणजे इथे आणि 'कोओकोओ' म्हणजे हायस्कूल, हे दोन्ही मुलं वहीत 'कोको' असंच लिहितात आणि मग ऑडिओत पोरगं हायस्कूलला गेलं तरी यांना ते 'इथेच' वाटतं! देवनागरी लिहायचीच असेल तर असा ओ दोनदा लिहून वाचा, नाहीतर सरळ हिरागाना.

बाकी उच्चारात आपण नशीबवान आहोत. 'त्सु' हे अक्षर अख्ख्या जगाला जड जातं, आपल्याला फक्त 'चूल' म्हणायचंय, त्यातला चू. जोडाक्षराचा ठोका म्हणाल तर 'साका' म्हणजे चढ आणि 'साक्का' म्हणजे लेखक, हा फरक कच्चा-पक्का म्हणणाऱ्या माणसाला शिकवावा लागत नाही.

गंमत म्हणजे त्यांची अक्षरमालाही आपल्या ओळखीची आहे. आ इ उ ए ओ, मग का सा ता ना हा मा या रा वा. हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून तिकडे रुजला, म्हणजे मुळात तो आपल्या वर्णमालेचाच क्रम. मुलं विचारतात की 'हा' मधेच 'मा' च्या आधी कसा काय आला, तर पूर्वी त्या जागी 'प' चा उच्चार होता, म्हणजे तो प-वर्गच आहे. म्हणून तर 'हा' ला दोन टिंबं दिली की 'बा' होतो आणि गोल दिला की 'पा'. हे एकदा सांगितलं की 'इप्पोन, निहोन, सानबोन' अशी लांब वस्तू मोजायची जी भानगड आहे ना, एकदा प, एकदा ह, एकदा ब, ती मुलांना उगाच छळ वाटत नाही.

आता कांजी. तुम्ही एकेका कांजीचे दोन-दोन, तीन-तीन उच्चार सुटे पाठ करत असणार, म्हणून ते राहत नाहीत. आपल्या तत्सम-तद्भवासारखं बघा. आपण प्यायला 'पाणी' मागतो, पण जोडशब्दात 'जलाशय', 'जलविद्युत', कोणी पाणीविद्युत म्हणत नाही. तसंच पाण्याची कांजी एकटी आली की 'मिझु', जोडशब्दात गेली की 'सुई', जसं 'सुइदोओ' म्हणजे नळाचं पाणी, 'सुइयोओबि' म्हणजे बुधवार. एकटी असेल तर घरचा उच्चार, जोडीने असेल तर चीनमधून आलेला. अपवाद भरपूर आहेत पण पायवाट हीच. त्यामुळे सुटी कांजी पाठ करूच नका, शब्द पाठ करा.

आणि कांजीचे तुकडे बघायला शिका. 'निळा' ची कांजी दुसऱ्या कांजीत उजव्या अंगाला बसलेली दिसली की चिनी उच्चार बहुतेक 'सेइ'. डावीकडे पाण्याचे तीन थेंब असतील तर स्वच्छ, सूर्य असेल तर निरभ्र, बोलण्याची खूण असेल तर मागणी-विनंती. तिन्ही 'सेइ'. डावं अंग अर्थ सांगतं, उजवं अंग उच्चार. सगळ्याच कांज्या इतक्या शहाण्या नसतात, पण जोयो (रोजच्या वापरातल्या कांजींच्या सरकारी) यादीतल्या २१३६ पैकी बऱ्याच जणी या घरातल्या आहेत.

---

मधेच_जर्मन

जपानीच्या धाग्यात घुसतेय, सॉरी. मी जर्मन करतेय, बी१ (मधली पातळी) चालू आहे, आणि दुभाषी म्हणतात ते आमच्याकडेही तंतोतंत लागू. क्लासमध्ये इंग्रजीतून शिकणारी मुलं देर-दी-दास बघून रडतात, की वस्तूला कसलं आलंय लिंग. अहो आपण तर जन्मापासून तो चमचा, ती वाटी, ते ताट करतोय! जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी, आपल्याशी जुळत नाही ते सोडा, पण शब्द लिंगासकट पाठ करायची सवय तर आहे ना आपल्याला. ज्या दिवसापासून मी इंग्रजी अर्थ लिहिणं बंद केलं त्या दिवसापासून बरं चाललंय. बास, पळते.

---

एन२_चा_वारकरी

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू लिहितो. मराठी-जपानी बहिणी-बहिणी हे एन४ पर्यंत खरं आहे. त्यानंतर तीच मराठी पाय ओढते आणि हे कोणी सांगत नाही.

बघा, मराठीत कर्ता गाळला तरी क्रियापद सगळं बकून टाकतं. 'गेली' म्हटलं की बाई, 'गेलो' म्हटलं की मी, 'गेलास' म्हटलं की तू. जपानी क्रियापद मख्ख असतं. 'इत्ता'. कोण गेलं? तू, मी, ती, गावातले सगळे, काहीही. आणि कर्ता तर ते लोक आपल्यापेक्षा जास्त गाळतात. म्हणून मराठी कान क्रियापदाच्या शेवटी माणूस शोधत बसतो आणि तिथे माणूस नसतोच. लिसनिंगमध्ये प्रश्न असतो 'बाई आता काय करणार?' आणि अख्ख्या संभाषणात 'मी' किंवा 'तुम्ही' एकदाही येत नाही.

मग माणूस कुठे लपलेला असतो? देण्या-घेण्यात. 'कोपी शिते मोराएरु?' म्हणजे तू कॉपी काढून देशील का, काम समोरच्याचं. 'कोपी शितोकु' म्हणजे मी काढून ठेवतो, काम बोलणाऱ्याचं. 'शिते आगेरु' मी तुला करून देतो, 'शिते कुरेता' त्याने मला करून दिलं. आपल्याकडे मी दिलं काय, त्याने दिलं काय, 'देणे' एकच. तिकडे माझ्याकडून बाहेर जाणारं 'आगेरु' आणि माझ्याकडे येणारं 'कुरेरु', दिशा क्रियापदातच. ही दिशा ज्याला ऐकू आली त्याचे लिसनिंगचे मार्क कुठे गेले नाहीत, आणि हे 'करून देणे' असं मराठी करून पाठ केलंत तर नेमकी दिशाच गळून पडते.

तीच गोष्ट आदराची. आपण बाहेरच्या माणसाशी बोलताना सुद्धा आपल्या साहेबांना 'साहेब आलेत' म्हणतो. तिकडे क्लायंटच्या फोनवर आपल्या डायरेक्टरचं नुसतं आडनाव, 'सान' सुद्धा नाही, आणि क्रियापद नम्रपणाचं, म्हणजे साहेब आपल्या घरचे म्हणून त्यांना पण खाली वाकवायचं. फोन ठेवला की त्याच साहेबांना परत पूर्ण मान. मराठी संस्कार झालेल्या माणसाची जीभच रेटत नाही.

आणि तो याप्पारीचा सापळा. एन३ च्या संभाषणात दोघं जण पाच मिनिटांनी लायब्ररीत भेटू, पुस्तकं घेऊ असं सगळं ठरवतात, पर्याय एक-दोन-तीन सगळे बोलून होतात, आणि शेवटी एक जण म्हणतो 'आ, देमो...' (अरे, पण...) किंवा 'याप्पारी...' (नको, त्यापेक्षा...) की संपलं, आधीचं सगळं रद्द. उत्तर त्याच्या नंतर असतं. पहिल्यांदा ऐकू आलेल्या शब्दावर गोल काळा करणारा हमखास बुडतो.

थेट एन२ ची आयडिया : एन२ ला पण प्रत्येक भागात १९ लागतातच की राव. १७ घेऊन कुठे चाललात?

---

दुभाषी_चाकण

वारकरी, कर्त्याचं म्हणालास ते शंभर टक्के मान्य, देण्या-घेण्याचं तर सोन्यासारखं लिहिलंयस. पण पाय ओढते वगैरे काय. एन४ पर्यंत खरं म्हणजे काय थोडंथोडकं आहे का? इंग्रजीतून येणारा माणूस एन४ पर्यंत वाक्य उलटी करण्यातच दमलेला असतो. आपण तिथे ताजेतवाने पोचतो, पुढची घाट-चढण सगळ्यांनाच आहे. मराठीने सांगाडा घे, देणं-घेणं तिकडचं तिकडे शीक, एवढंच म्हणतोय मी.

आणि कर्त्याच्या वेळी एक युक्ती चालते. 'वा' ऐकला की 'तर' ऐक आणि 'गा' ऐकला की 'च' ऐक. 'वाताशि वा' म्हणजे मी तर, 'वाताशि गा' म्हणजे मीच. सगळीकडे नाही चालत, सेन्सेई मला ओरडतील, पण हॉलमध्ये बसल्यावर भाग पुढे ढकलायला उपयोगी पडते.

---

कोथरूडची_सेन्सेई

ओरडत नाही, पण 'आमे गा फुत्तेइरु' (पाऊस पडतोय) ला 'पाऊसच पडतोय' असं केलंत तर ओरडेन.

---

निशिकासाईची_आई

तोक्योहून लिहितेय. एक भ्रम आधी घालवते की जपानला गेलं की कान आपोआप तयार होतो. आम्ही एदोगावात निशिकासाईला राहतो, इथे आपले लोक इतके आहेत की तोझाई लाइनला ओतेमाचीपर्यंतच्या गाडीत मराठी भांडण सुद्धा ऐकू येतं. याच एदोगावात २०१९ ला योगेंद्र पुराणिक नगरसेवक म्हणून निवडून आले, तेही मराठीच, तेव्हा इकडे काय आनंद झाला होता. पण मुद्दा असा की नवऱ्याच्या टीममध्ये सगळे भारतीय, ऑफिस इंग्रजीत, डाळ-तांदूळ कोपऱ्यावर मिळतात, मंडळाचा गणपती असतो, मग जपानी लागतेच कुठे? त्यांची जपानी अजून कोंबिनीच्या (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाच्या) काउंटरवर आहे तिथेच आहे. तिथे पण 'आतातामेमासु का', गरम करून देऊ का, हे रोजचं म्हणून कळतं, आणि २०२० ला पिशव्यांना पैसे लावायला लागल्यापासून पिशवीचं विचारतात, तर पहिले कित्येक दिवस हे महाशय त्यालाही 'हाय' (हो) म्हणून पिशवी घेऊन येत होते.

माझी झाली ती मुलगी होइकुएनला जायला लागली तेव्हा. पाळणाघराची एक वही असते, 'रेनराकुचोओ'. रोज सकाळी आईने लिहायचं, ताप किती, रात्री झोप किती, काय खाल्लं, शी झाली का, कशी झाली. संध्याकाळी बाईंनी लिहायचं, दिवसभर काय केलं. बाईंचं हस्ताक्षर छापील पुस्तकासारखं नसतं हो, कांजी धावत्या हाताने लिहिलेली. पहिल्या महिन्यात मी ते पान मोबाईलचा कॅमेरा धरून वाचायचे. पण विषय रोज तोच, शब्द रोज तेच, आणि विषय माझ्या लेकीचा, त्यामुळे न समजून चालणारच नव्हतं. तिथे मला कळलं की बाई 'ताबेचाइमाशिता' लिहितात म्हणजे नुसतं खाल्लं नाही, खाऊन फस्त केलं. दुभाषी म्हणतात ते 'टाकणं' मला त्या वहीत सापडलं, व्याकरणाच्या पुस्तकात ते वाचून झालं होतं पण चिकटलं नव्हतं.

म्हणून नगरी, बातम्या तुम्हाला गाणं वाटतात कारण त्यात तुमचं काही नाहीये. तुम्ही टेस्टर आहात ना? क्लायंटबरोबर कॉल होतात ते ऐकायला बसता येतं का? 'फुगुआइ' म्हणजे बग, 'काकुनिन' म्हणजे खात्री करणे, 'नोओकि' म्हणजे डिलिव्हरीची तारीख, हे तर तुम्हाला माहीतच असणार. विषय ओळखीचा असला की कान पुढचा शब्द आधीच धरून ठेवतो. फक्त तुमचे लोक ओसाकाचे, ते 'होन्मा' (खरंच) नि 'आकान' (नाही चालणार) असे तिकडच्या बोलीतले शब्द टाकतील, ते परीक्षेत येत नाही. ऐकायला मात्र गोड.

आणि अॅनिमेखालची इंग्रजी सबटायटल काढा. लावायचीच तर जपानी लावा. इंग्रजी असली की डोळे वाचतात आणि कान झोपतात, आमच्याकडे नवरा वर्षानुवर्षं तसाच बघतोय.

---

नगरी_टेस्टर

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. रविवारी क्लास नव्हता तर दुभाषींनी सांगितलं तसं एक क्लिप घेऊन बसलो. अर्ध्या मिनिटाला पाऊण तास गेला. रेघा मारल्या तिथे खरंच सगळे पाठ असलेले शब्द निघाले. एके ठिकाणी 'वासुरेचात्ता' होतं, मला ते एखादं नवीन क्रियापद वाटून मी डिक्शनरीत शोधत बसलो होतो, निघालं साधं 'वासुरेते शिमात्ता', विसरून गेलो. यावर काय बोलायचं.

क्लायंट कॉलचं मॅनेजरला विचारलंय, म्हणाले म्यूटवर राहून बस, हरकत नाही. एन२ चा विचार सोडला, एन३ च भरतोय. वारकरी, तुमचं देण्या-घेण्याचं मी वेगळ्या पानावर लिहून घेतलंय. पण एक विचारायचं होतं, शॅडोइंग मोठ्याने करायलाच लागतं का? बसमध्ये शेजारचा माणूस आत्ताच विचित्र बघतो, आणि घरी आई म्हणते कोणाशी भांडतोयस.

---

दुभाषी_चाकण

मोठ्यानेच. पुटपुटलास तर लांबी येत नाही, सेन्सेई म्हणतात तो 'ओओ' पुटपुटण्यात 'ओ' होऊन जातो. आईला सांग जपान्याशी भांडतोय.

---

एन२_चा_वारकरी

एक राहिलं, फार महत्त्वाचं. परीक्षेत हेडफोन देत नाहीत. मोठी खोली, पुढे स्पीकर, वर पंखा, मागे कोणीतरी खोकतंय आणि ऑडिओ एकदाच वाजतो, परत नाही. घरी इअरफोन घालून कानात स्वच्छ ऐकायची सवय लागली असेल तर मागच्या बाकावर बसल्यावर सगळं पाण्याखालून आल्यासारखं येतं. शेवटचा महिना मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव, पंखा लाव आणि तसं ऐक. एखादा प्रश्न हुकला तर अंदाजाने गोल काळा कर नि सोडून दे, त्याचा विचार करत बसलास की पुढचा पण जातो. आणि बसायची जागा नंबराप्रमाणे येते त्यामुळे पुढे बसीन वगैरे मनसुबे नकोत.